कान वाजतात

मिस्त्री : आवाज येतो म्हणजे कसा येतो?

मुलगी : कसा म्हणजे? येतो, काका. पुढून येतो.

मिस्त्री : पुढून तर हॉर्नचाही येतो. तोंडाने काढून दाखव.

मुलगी : काय काढून दाखवू?

मिस्त्री : आवाज. गाडी काढते तसा. घरघर आहे, खरखर आहे, कुरकुर आहे, का टकटक आहे? प्रत्येकाचं औषध वेगळं.

मुलगी : हे तुमचं नवीनच काहीतरी. पूर्वी नव्हतात असं करायला लावत.

मिस्त्री : नवीन पद्धत आहे. काढ.

मुलगी : काका, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेय. तुम्ही तो कॉम्प्युटर जोडा ना, त्यात सगळं कळतं म्हणे.

मिस्त्री : जोडला. तू पाणी पीत होतीस तेव्हाच जोडला. तो म्हणतो गाडी ठणठणीत आहे. त्या डब्याला कान कुठे असतात? काढ आवाज, इथे तुला ओळखतंय कोण?

मुलगी : तुम्ही ओळखता.

मिस्त्री : मी तर तुला दोन वेण्या घालून, नाक ओढत या टायरांच्या ढिगावर चढताना पाहिलंय. माझ्यापुढे कसली आलीय लाज?

मुलगी : बरं. च्याऊं. असा काहीतरी.

मिस्त्री : हे मांजर झालं.

मुलगी : नाही जमत मला. दिवसभर हेडफोन लावून पाण्याच्या तक्रारी घेते मी. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, बिल जास्त आलंय. संध्याकाळपर्यंत कानात नुसतं गूं होतं. गाडीत बसून आणखी काय ऐकणार?

मिस्त्री : आणि गाडी तरी धड आणलीस का? पुढची खालची पट्टी घासलीय बघ. उठायच्या आधीच काढलीस ना?

मुलगी : उशीर होत होता.

मिस्त्री : उशीर तुला होत होता, तिला नव्हता होत. अगं, ही गाडी स्प्रिंगवर नाही, हवेवर उभी असते. चार चाकांपाशी रबराच्या चार पिशव्या, त्यांत हवा. आता पिशव्या झाल्या म्हाताऱ्या. गाडी उभी केली की तासाभरात हवा सोडतात आणि बाईसाहेब खाली बसतात. सकाळी इंजिन चालू करायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. ती आपली आपण उठते. तुझा बाप काय म्हणतो अशा वेळी?

मुलगी : उठू दे तिला.

मिस्त्री : हां.

मुलगी : नोकरीच्या पहिल्या दिवशी सोडायला निघाले होते मला. नऊला पोचायचं होतं, साडेआठ झालेले. मी घड्याळ बघतेय, आणि हे स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. ‘उठू दे तिला आधी.’ मला कधी उठवताना एवढी माया दाखवली नाही. मला सरळ पांघरूण ओढायचे.

मिस्त्री : तू काय वीस लाखांची होतीस का?

मुलगी : नव्हतेच.

मिस्त्री : गंमत केली गं. जा, त्यांनाच बोलाव. त्यांच्याइतका आवाज कुणाला काढता येत नाही. पाऊण तास झाला, बसून राहिलेत आत. काचसुद्धा खाली केली नाही. मी दोनदा हात केला, तर नुसती मान. एवढा राग?

मुलगी : राग नाही, काका.

मिस्त्री : राग नाही तर काय? सहा महिने फिरकले नाहीत. एरवी महिन्यातून दोनदा यायचे, काम नसलं तरी यायचे. दोन फोन केले मी. उचलला नाही. मग मीही अडून बसलो. म्हटलं, तुम्ही मोठ्या गाडीचे ड्रायव्हर असाल, तर मीही काही पंक्चरवाला नाही.

मुलगी : तुम्हाला कुणीच कळवलं नाही का?

मिस्त्री : काय कळवायचं?

मुलगी : बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. साडेपाच महिने झाले. आम्हाला तेव्हा काही सुचलंच नाही. त्यांचा फोन कपाटात बंद पडून होता, तो अजून तिथेच आहे.

मिस्त्री : झटका.

मुलगी : उजवी बाजू गेली होती. पाय परत येतोय हळूहळू, काठी घेऊन चालतात थोडं. हातही थोडा उचलतात. पण वाचा गेली ती गेलीच. पाच महिन्यांत एक शब्द नाही.

मिस्त्री : कधी आला म्हणालीस?

मुलगी : इथून शेवटची गाडी नेली ना, त्याच्या चौथ्या दिवशी. का हो?

मिस्त्री : काही नाही. तो स्टूल सरकव इकडे. बसू दे जरा मला.

मुलगी : पाणी आणू?

मिस्त्री : नको. कळतं त्यांना सगळं? आपण बोलतो ते?

मुलगी : डॉक्टर म्हणतात, सगळं कळतं. फक्त आतलं बाहेर येत नाही. आणि हो-नाहीचं कुलूप बिघडलंय. चहा हवा का विचारलं, तर मान हलवतात. नको का, तरी मान हलवतात. वाचा शिकवायला एक बाई येतात आठवड्यातून दोनदा. चित्रं दाखवतात. सफरचंद, कप, छत्री. हे काय आहे आजोबा, म्हणा स, स, सफरचंद. बाबा खिडकीबाहेर बघत बसतात.

मिस्त्री : सव्वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला सफरचंद दाखवतात?

मुलगी : मग काय दाखवायचं? त्या बाई चांगल्या आहेत हो. प्रयत्न करतात बिचाऱ्या.

मिस्त्री : असतील. मी कुठे काय म्हणतोय.

मुलगी : काका, मी खरं सांगू का? मी आवाज काढायला आलेच नाहीये. म्हणजे काढायलाच आलेय, पण विकण्यासाठी. बारा वाजता एका माणसाचा फोन येणार आहे. लग्नांना जुन्या गाड्या भाड्याने देतो तो. म्हणाला, पुढून बारीक आवाज येतो तेवढा काढून द्या, आजच्या आज घेऊन जातो. बाराला हो की नाही सांगा, नाहीतर त्याने दुसरी बघून ठेवलीय.

मिस्त्री : फुलं लावणार हिला.

मुलगी : लावू दे ना. निदान कुणी बसेल तरी हिच्यात. आमच्या दारात काय होतंय? दोन खोल्यांचं घर आणि त्यापुढे ही आगगाडी. हिचं नाक गल्लीत जातं. पोस्टमन रोज वळसा घालतो आणि रोज माझ्याकडे बघतो.

मिस्त्री : डॉक्टरीणबाईंनी दिली तेव्हाच मी म्हणालो होतो, गाडी दिली, आता हिला ठेवायला बंगलाही द्या म्हणावं.

मुलगी : आई म्हणायची, सव्वीस वर्षं बाईंकडे ड्रायव्हरकी केली आणि त्यांनी जाता जाता दारात हत्ती बांधला. आता चारा घाला. आणि घातला हो बाबांनी. कधी हे रबर, कधी ती काच. एक वर्ष सगळं त्या हेडलाइटमध्ये गेलं. आई शेवटपर्यंत त्या हेडलाइटला सवत म्हणायची.

मिस्त्री : वहिनींची जीभच तशी होती. गोड.

मुलगी : आता सांगा, कोण चालवणार? बाबा नाही चालवू शकत. मला हिला गल्लीत वळवताना घाम फुटतो. उभी राहिली तर आणखी सडेल. हे सगळं मला कळतंय.

मिस्त्री : त्यांना विचारलंस?

मुलगी : विचारलं. बाबा, गाडी विकायची का? मान हलवली.

मिस्त्री : आणि नको विकायला का, असं विचारलंस?

मुलगी : तेही विचारलं.

मिस्त्री : मग?

मुलगी : मान हलवली.

मिस्त्री : अरे देवा.

मुलगी : मला एवढंच कळायला हवंय, काका, की यांच्या मनात काय आहे. विक म्हणाले तर विकते. नको म्हणाले तर काहीही करून ठेवते, मग मला वळवायला तास लागला तरी चालेल. पण बाप बोलू शकत नव्हता, तेवढ्यात मी त्याची गाडी विकून टाकली, हे मला जन्मभर बोचायला नको. रात्री झोप लागत नाही मला त्याने.

मिस्त्री : किती वाजले?

मुलगी : साडेदहा.

मिस्त्री : चल. आधी मला त्यांच्याशी एक बोलायचंय. तूही ऐक, तुझ्यासमोरच बोललेलं बरं.

(मिस्त्री ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत बसतो. बाबा शेजारच्या सीटवर आहेत. मुलगी दारापाशी उभी राहते.)

मिस्त्री : ड्रायव्हरसाहेब, तुमच्या जागेवर बसलोय. ओरडू नका. म्हणजे ओरडा, ओरडलात तर बरंच होईल. मला आत्ता कळलं हो. आत्ता, या पोरीने सांगितलं तेव्हा. मला वाटलं तुम्ही रुसलात.

बाबा : ...

मिस्त्री : आणि रुसायला कारणही होतं. पोरी, तुला माहीत नाही. त्या दिवशी हे आले आणि म्हणाले, पुढून बारीक आवाज येतोय. मी बॉनेट उघडलं, कान लावला. काही नाही. हे म्हणाले, येतोय. मी म्हणालो, नाही येत. तीनदा झालं असं. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं उभी. मला वाटलं, माझी अक्कल काढतायत. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, तुमचे कान वाजतात, ड्रायव्हरसाहेब. वय झालं. गाडी विका आणि घरी बसा.

मुलगी : असं म्हणालात?

मिस्त्री : म्हणालो. चहा मागवला होता, तो तसाच टाकून गेले. आणि चौथ्या दिवशी म्हणतेस...

मुलगी : काका, नाही. तुमच्यामुळे नाही झालं ते. रक्तदाब होता. महिनाभर गोळ्याच घेत नव्हते, पाकीट भरलेलं सापडलं मला त्यांच्या खिशात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. एका वाक्याने माणूस पडत नाही.

मिस्त्री : तू म्हणतेस तर तसं. पण पुढचं ऐका, ड्रायव्हरसाहेब. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी घरी पेपर वाचत बसलो होतो. बायको आतून आली आणि म्हणाली, केव्हाची बेल वाजतेय, दार का उघडत नाही? मी म्हणालो, कुठली बेल? कानाच्या डॉक्टरकडे नेलं तिने. एका पेटीत बसवलं आणि शिट्ट्या वाजवल्या. जाड आवाज सगळे आले. बारीक एकही आला नाही. डॉक्टर म्हणाले, किती वर्षं हातोडा चालवताय? म्हणजे कळलं ना तुम्हाला? वाजत काही नव्हते तुमचे कान. माझेच गेले होते. तेव्हापासून गिऱ्हाइकांना तोंडाने आवाज काढायला लावतो. लोक म्हणतात, म्हातारा चक्रम झालाय. म्हणू दे. बहिरा मिस्त्री म्हटलं तर गाडी कोण आणेल?

मुलगी : म्हणून ती नवीन पद्धत.

मिस्त्री : हीच ती पद्धत. घरात बायकोला माहीत आहे, आणि आता तुम्हा दोघांना. चुकलो मी, ड्रायव्हरसाहेब. फोन नाही उचलला तर घरी यायला हवं होतं मी. घर काय दूर होतं? अरे, तू पडलास आणि मी इथे बसून मानपान मोजत होतो. चूक झाली रे.

बाबा : ...

मुलगी : बाबा, हात सोडा काकांचा. त्यांच्या हाताला ग्रीस आहे.

मिस्त्री : असू दे. ग्रीस काही त्याला नवीन नाही. बरं, आता काम. चालू करतो हं इंजिन. ऐका. येतोय आवाज?

मुलगी : मान हलवतायत.

मिस्त्री : नाही येत?

मुलगी : तरी हलवतायत. मी म्हटलं ना तुम्हाला.

मिस्त्री : मान राहू दे. मान लबाड आहे त्यांची. ड्रायव्हरसाहेब, इकडे बघा, माझ्या तोंडाकडे. कसा आवाज आहे? घर्रर्र?

बाबा : ...

मिस्त्री : खडखडखड?

बाबा : ...

मिस्त्री : भों भों?

मुलगी : काका, काय चाललंय तुमचं?

मिस्त्री : हसले बघ. एकाच गालाने हसले, पण हसले. माणूस आहे आत. बरं, बारीक आवाज म्हणत होतात तुम्ही. कुईंऽऽ?

बाबा : न्न.

मुलगी : काय म्हणाले?

मिस्त्री : गप्प बस तू. कुईं नाही? मग कींऽऽ?

बाबा : न्न. च...

मिस्त्री : च? चर्रर्र?

बाबा : न्न. च... चि. चिं.

मुलगी : बाबा.

मिस्त्री : चिं? एकसारखा चिंऽऽऽ असा? का तुटक, चिं, चिं, चिं?

बाबा : चिं. चिं. चिं.

मिस्त्री : तुटक. म्हणजे काहीतरी फिरतंय आणि प्रत्येक फेरीला रडतंय. बेअरिंग. पोरी, तुझ्या त्या चित्रवाल्या बाईंना सांग, सफरचंद कधी चिं करतं का?

मुलगी : पाच महिने, काका. पाच महिने मी यांच्या तोंडाकडे बघत बसलेय. आणि पहिला आवाज कसला, तर गाडीचा. आई असती तर डोक्यावर हात मारला असता तिने.

मिस्त्री : रड थोडं, मग ये. आपल्याला यांना पुढे न्यायचंय, बॉनेटपाशी.

मुलगी : नको, फार वेळ उभं नाही राहवत त्यांना.

मिस्त्री : स्टूल आहे. डावीकडून तू धर, काठी मी घेतो. हळू. बघ, पाय टाकला. उजवाच टाकला की.

मुलगी : तो पाय मोठा लबाड आहे. घरी उचलत नाहीत. पण येताना मी ते वळण जरा जोरात घेतलं, तर हाच पाय खाली दाणकन आपटला. ब्रेक मारला त्यांनी माझा.

मिस्त्री : शेजारच्या सीटवर बसून?

मुलगी : शेजारच्या सीटवर बसून.

मिस्त्री : तू गाडी चालवतेसच तशी, त्याला ते काय करणार. बसा, ड्रायव्हरसाहेब. बाह्या वर करू द्या. हा माझा लांब स्क्रूड्रायव्हर आठवतो ना? याचं टोक मी एकेका भागावर टेकवतो, मूठ तुमच्या कानामागच्या हाडाला. डॉक्टर नळी लावतात तसं. पट्टा फिरतोय, तेव्हा हात पुढे आणायचा नाही. मी टेकवतो, तुम्ही फक्त ऐकायचं. हा अल्टरनेटर.

बाबा : ...

मिस्त्री : नाही? बरं. हा पाण्याचा पंप.

बाबा : न्न.

मुलगी : नाही म्हणाले. काका, ते खरंच नाही म्हणाले.

मिस्त्री : ऐकतोय मी. आणि ही कप्पी, पट्टा ताणून धरणारी.

बाबा : चिं. चिं. चिं.

मिस्त्री : ही? नक्की?

बाबा : ही.

मुलगी : ही म्हणाले.

मिस्त्री : म्हणाले. मलाही ऐकू आलं. यांचा आवाज जाड आहे, नशीब माझं. बंद कर इंजिन, पोरी. ड्रायव्हरसाहेब, ही कप्पी आणखी महिनाभर फिरली असती तर अडकली असती, पट्टा तुटला असता, आणि ही बाई रस्त्यात आडवी झाली असती. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही सांगितलं होतंत आणि मी ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे दोन्ही अर्थांनी.

मुलगी : मिळेल का कप्पी? या गाडीचं तर काहीच मिळत नाही.

मिस्त्री : माझ्या माळ्यावर एक आहे. मागच्या वर्षी एक तशीच गाडी भंगारात निघाली, तिच्यावरून काढून ठेवलेली. यांच्यासाठीच ठेवली होती. तो वरचा खोका दे. तो नाही, बिस्किटांचा डबा आहे तो. हां, हा.

मुलगी : किती वेळ लागेल?

मिस्त्री : तासभर. तेवढ्यात यांना चहा पाज. कपाटात माझा कप आहे, कान तुटलेला, तो देऊ नकोस. त्यांनी आधीच एकदा माझा चहा टाकलाय.

मुलगी : काका, तुम्हाला एक विचारू? तुम्ही काय कराल माझ्या जागी?

मिस्त्री : तुझ्या जागी मी कशाला येऊ? मी माझ्या जागचं सांगतो. विकलीस तरी आणि ठेवलीस तरी, दर शनिवारी यांना माझ्याकडे आण. टॅक्सीने आण, चालत आण. शनिवारी माझ्याकडे पाच-सहा गाड्या असतात. बारीक आवाजाची एखादी असतेच, आणि मी तिला परत पाठवतो. कॉम्प्युटर खराब आहे सांगतो. मला कान हवेत. यांच्याकडे कान आहेत. यांना तोंड हवंय, ते माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे.

मुलगी : ते खरंय.

मिस्त्री : हस. पण दया नाही ही. कामाला बोलावतोय मी. तुमचं काय म्हणणं, ड्रायव्हरसाहेब? नाही, मान नका हलवू.

बाबा : हं.

मिस्त्री : हं म्हणजे हो. ठरलं. गाडीचं तुमचं तुम्ही बघा, त्यात मी पडत नाही. एकदा पडलो होतो, तेवढं पुरे.

मुलगी : लहानपणी मला मागच्या सीटवर बसू द्यायचे नाहीत हे. ‘ती बाईंची जागा आहे.’ गाडी आमची झाली तरी नाही. दहा वर्षं मागची सीट रिकामी. मला वाटायचं, एवढं कसलं ते. गेल्या आठवड्यात मी साफ करायला आत गेले, तर मागच्या सीटच्या खिशात माझी वही. शाळेतली, आठवीची. तिच्या मागच्या पानांवर यांनी गाडीचं सगळं लिहून ठेवलंय. कुठल्या दिवशी काय बदललं, काय आवाज येत होता. डाव्या चाकाशी खुडखुड. थंडीत खोकते. आणि शेवटची ओळ, तिचा अर्थ मला आज लागला, काय आहे माहितीय?

मिस्त्री : काय?

मुलगी : ‘चिं चिं. मिस्त्रींना पुन्हा दाखवणे.’

मिस्त्री : पुन्हा.

मुलगी : हो. पुन्हा. तुमच्यावर रुसून नव्हते बसले ते.

मिस्त्री : तो तेरा नंबरचा पाना दे. तो नाही. राहू दे, मीच घेतो. डोळ्यात काहीतरी गेलंय.

मुलगी : काका, तेरा नंबरचा तुमच्या हातातच आहे.

मिस्त्री : आहे काय. बरं. चहा कर जा.

मुलगी : बाबा, हळू प्या, गरम आहे. असं. हनुवटी पुसू? बरं, तुम्हीच पुसा.

मिस्त्री : झालं. चालू कर. ड्रायव्हरसाहेब, कान द्या. आहे चिं?

बाबा : न्न.

मिस्त्री : नाही. आज यांचं ‘नाही’ ऐकून जेवढं बरं वाटतंय, तेवढं जन्मात कुणाच्या ‘हो’ने वाटलं नाही. किती वाजले गं?

मुलगी : बाराला सात कमी. बंद करते. चला बाबा, बसा गाडीत. डोकं सांभाळा. पट्टा लावते तुम्हाला. आणि आता माझ्याकडे बघा, मान हलवायची नाही. मी शेवटचं विचारते. त्या माणसाचा फोन येईल. विकायची गाडी?

बाबा : ...

मुलगी : नको विकायला?

बाबा : ...

मुलगी : तोंड हलतंय त्यांचं, काका. पण येत नाहीये काही.

मिस्त्री : दमले असतील. एका सकाळीत किती बोलणार?

मुलगी : हरकत नाही, बाबा. ताण नका घेऊ. आवाज निघाला हेच खूप झालं, गाडीचं काय एवढं. मी हो सांगते त्याला. शनिवारी तुम्हाला टॅक्सीने आणीन. निघते काका, वाटेत रस्त्याच्या कडेला थांबून फोन घेईन. दार लावा तेवढं तुमच्या बाजूचं.

मिस्त्री : सावकाश जा. वळण जपून घे, ब्रेक दोन आहेत तुझ्या गाडीला.

मुलगी : चालू झाली. निघू मग.

बाबा : उ...

मुलगी : काय, बाबा? उलटी होतेय का?

बाबा : उठू...

मिस्त्री : थांब. पाय काढ पेडलवरून. थांब म्हणतो ना.

बाबा : उठू दे. ति... तिला.

मुलगी : काढला पाय.

मिस्त्री : तास झाला उभी होती ती. बसलीच असणार. बघ, टायर आत गेलाय अर्धा.

मुलगी : उठू दे तिला म्हणाले, काका.

मिस्त्री : ऐकलं.

मुलगी : हे उत्तर आहे का? सांगा ना. मी उगाच माझ्या मनाचं तर लावत नाही ना?

मिस्त्री : अगं, विकायच्या गाडीच्या उठण्याची कुणी वाट बघतं का? घासली तर घासली, घेणारा बघेल. ज्याला उद्या परत चालवायचीय, तोच थांबतो.

मुलगी : बरं, बाबा. थांबते. कितीही वेळ थांबते. उठली की नाही ते तुम्ही सांगायचं. मागची बाजू उठली बघा.

बाबा : हं.

मुलगी : आता पुढची येतेय. अजून थांबू?

बाबा : थां... ब.

मिस्त्री : हा माणूस संध्याकाळपर्यंत मला शिव्या द्यायला लागणार.

बाबा : फो... फोन.

मुलगी : काय, बाबा?

बाबा : फोन.

मिस्त्री : कुठला फोन? मला तर काही ऐकू येत नाही.

मुलगी : मलाही नाही. तुमचे कान वाजतात, बाबा.